प्रभाव म्हणजे नेमका कुणावर?

संशोधनाचा प्रभाव मोजता येतो, असे आज विद्यापीठांतून छातीठोकपणे सांगितले जाते. प्राध्यापिकेची नेमणूक असो, तिची बढती असो, संस्थेचे अनुदान असो, नाहीतर देशातल्या महाविद्यालयांची क्रमवारी असो, जिथे तिथे एक आकडा मागितला जातो. तुमच्या लेखाचा उल्लेख इतर किती लेखांत झाला? तुमचा एच-इंडेक्स किती? तुमचा लेख ज्या जर्नलमध्ये आला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर किती? आकडा मोठा असेल तर संशोधन प्रभावी. आकडा लहान असेल तर संशोधन बिनकामाचे.

माझे म्हणणे असे की हा आकडा प्रभाव मोजतच नाही. संशोधक एकमेकांशी किती बोलतात, एवढेच तो मोजतो. ज्या बायांच्या आयुष्यावर हे संशोधन उभे राहते, त्यांच्यापर्यंत त्यातले काय पोचले, त्यांच्या जगण्यात काय बदलले, याला त्या हिशेबात रकानाच नाही. आणि ज्याला रकाना नाही ते काम हळूहळू कुणी करेनासे होते. म्हणून हा प्रश्न केवळ प्राध्यापकांच्या पगारवाढीचा नाही. तो आपला आहे.

मी एमएसडब्ल्यू झालेली, गेली बारा वर्षे मराठवाड्यात एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करणारी कार्यकर्ती. माझी भाकरी एच-इंडेक्सवर अवलंबून नाही. पण दर वर्षी प्रश्नावल्या घेऊन संशोधक आमच्या दारात येतात आणि त्यांना बाया गाठून देण्याचे काम आमच्याकडे येते. ज्या आकड्यासाठी ही सारी धावपळ चालते त्याबद्दल बोलण्याचा हक्क मला त्या कामातून मिळाला आहे.

जर्नलचा तराजू माणसांना

हा आकडा आला कुठून, ते आधी समजून घेऊ. १९५५ साली युजीन गारफील्ड या अमेरिकन माणसाने एक कल्पना मांडली. कोणत्या लेखाने कोणत्या लेखाचा आधार घेतला याची सूची केली, तर एखाद्या विचाराचा माग काढता येईल, अशी ती कल्पना. पुढे फिलाडेल्फियातल्या त्याच्या संस्थेने १९६४ पासून अशी सूची नियमित काढायला सुरुवात केली. सूचीत कोणती जर्नल्स घ्यायची हे ठरवण्यासाठी त्याने इम्पॅक्ट फॅक्टर वापरला. हिशेब सोपा आहे. एखाद्या जर्नलमध्ये मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखांचे या वर्षी एकूण किती उल्लेख झाले ते मोजायचे आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचे. मर्यादित पैशात कोणती जर्नल्स विकत घ्यायची, हे ठरवायला ग्रंथपालांनाही तो उपयोगी पडला. इथपर्यंत त्यात वावगे काही नाही.

२००५ साली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने माणसासाठी आकडा काढला. तुमच्या दहा लेखांचे प्रत्येकी किमान दहा उल्लेख झाले असतील तर तुमचा एच-इंडेक्स दहा. वीस लेखांचे प्रत्येकी किमान वीस, तर वीस. त्याच्या आदल्याच वर्षी, २००४ मध्ये, गूगल स्कॉलर आणि स्कोपस सुरू झाले होते. आता कुणाचेही नाव टाकले की किती उल्लेख झाले ते पडद्यावर दिसते. ग्रंथपालाच्या सोयीसाठी केलेला, जर्नल तोलण्याचा तराजू बघता बघता माणसे तोलायला लागला.

आपल्याकडे या तराजूला सरकारी शिक्का बसला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या कामाला गुण लावले. लेख छापला की गुण, आणि इम्पॅक्ट फॅक्टर जितका मोठा तितके गुण जास्त. २०१६ पासून केंद्र सरकारची क्रमवारी निघते. तिच्यात स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या याद्यांवरून लेख आणि उल्लेख धरले जातात. या दोन्ही याद्या परदेशी खाजगी कंपन्यांच्या आहेत. आपल्या करातून चालणाऱ्या विद्यापीठाची किंमत कंपनीच्या यादीवरून ठरते आणि त्या यादीत मराठी नियतकालिक शोधून सापडणे मुश्कील.

परिणाम काय झाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचे पेव फुटले. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स काढून टाकावी लागली. मग नवी यादी आली. ती यादीही २०२५ मध्ये बंद केली. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी लेख छापण्याची सक्ती २०१६ च्या नियमांत होती, ती २०२२ मध्ये काढली. नियम आले, गेले. पण या साऱ्या गोंधळात एक प्रश्न कुठल्याच परिपत्रकात आला नाही: ज्यांच्यावर लिहिले त्यांचे काय?

ताराबाईंचा एच-इंडेक्स

आता हा तराजू आपल्या घरातल्या एका बाईला लावून पाहू. ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. पुण्यात छापलेल्या त्या पुस्तकाच्या प्रती होत्या ५००. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून तिची बाजू घेतली. त्यानंतर पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधे ९० वर्षे गेली. आज भारतातल्या स्त्रीवादी विचाराचा इतिहास ताराबाईंना वगळून लिहिता येत नाही.

पण ताराबाईंचे म्हणून आपल्याला माहीत असलेले पुस्तक एकच. म्हणजे त्या एका पुस्तकाचे लाख उल्लेख झाले तरी त्यांचा एच-इंडेक्स एक. एकाच्या वर तो जाऊच शकत नाही. आणि इम्पॅक्ट फॅक्टरची दोन वर्षांची मुदत लावली, तर १८८५ सालचा फुल्यांचा उल्लेखसुद्धा उशिरा आला म्हणून बाद. आज एखादी ताराबाई विद्यापीठात मुलाखतीला गेली तर तिचा अर्ज छाननीतच बाजूला पडेल.

ही थट्टा नाही. एकच पुस्तक, एकच अहवाल, एकच पुस्तिका लिहू शकलेल्या बाया आपल्यात फार आहेत. घर, नोकरी, मुले, म्हातारी माणसे आणि संघटनेचे काम सांभाळून जे एकदाच लिहून झाले, तेच त्यांचे लेखन. वर्षाला चार लेख काढायला मागे कुणीतरी स्वयंपाक करणारे लागते.

"आकडा नको, तर मग साहेबांची मर्जी का?"

या ठिकाणी एक आक्षेप येतो आणि तो मला गंभीर वाटतो. आमच्या एका प्राध्यापक मैत्रिणीने तो घेतला. ती म्हणाली, "तुला आकडे नकोत हे ठीक. पण आकडे नव्हते तेव्हा काय होते? विभागप्रमुखांची मर्जी, जात, ओळखीपाळखी. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलीला निदान आकडा तरी दाखवता येतो." तिचे म्हणणे खोटे नाही. मर्जीच्या राज्यात आपण सगळ्यांनी भोगले आहे.

पण ती मर्जी आकड्यात विरघळून गेली, असे समजायचे कारण नाही. कुणाचा उल्लेख करायचा हे माणसेच ठरवतात. २०१३ मध्ये 'नेचर'ने जगभरातल्या लाखो शोधनिबंधांची पाहणी छापली. तिच्यात दिसले की लेखकांच्या नावांत महत्त्वाच्या जागी बाई असेल तर त्या लेखाचे उल्लेख कमी होतात. २०१७ मध्ये दुसरा अभ्यास आला. १७७९ ते २०११ या काळातले सुमारे १५ लाख लेख तपासून त्यात दाखवले होते की पुरुष स्वतःच स्वतःच्या लेखांचा उल्लेख बायांपेक्षा ५६ टक्के अधिक करतात, आणि त्या काळातल्या शेवटच्या वीस वर्षांत हे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेले आहे. आपलीच पाठ आपण थोपटावी आणि तिचे गुण मिळावेत, अशी ही सोय. बायांच्या शोधांचे श्रेय पुरुषांच्या नावावर जाते, या गोष्टीला मार्गारेट रॉसिटर या इतिहासकार बाईने १९९३ साली नाव दिले, 'माटिल्डा इफेक्ट'. तेव्हा आकडा आला म्हणून पक्षपात गेला असे नाही. पक्षपाताला दशांश चिन्ह मिळाले, इतकेच.

मैत्रिणीला माझे उत्तर असे की मोजमाप हवेच. चळवळीनेही मोजून दाखवले तेव्हाच सरकार हलले. भांडण मोजण्याशी नाही. काय मोजायचे हे कुणी ठरवले, त्याच्याशी आहे.

इंग्रजीत गेले तर आहे, मराठीत असेल तर नाही

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांना गावोगाव जाऊन गाठले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक मराठीत दिले. आपल्या वाचकांना हे पुस्तक माहीत आहे. शिबिरांतून ते वाचले गेले, त्यावर चर्चा झाल्या, कितीतरी मुलींना आपल्या आज्या त्यात सापडल्या. वंदना सोनाळकरांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये आले. मधली १९ वर्षे उल्लेख मोजणाऱ्या यंत्रांच्या लेखी हे पुस्तक जवळजवळ नव्हतेच. शिबिरात बसून ऐकणाऱ्या बाईला तळटीप देता येत नाही, म्हणून तिच्यावर झालेला परिणाम हा परिणाम नव्हे!

आज एखाद्या तरुण संशोधक मुलीला मराठीत लिही म्हणून सांगा. ती विचारते, "ताई, त्याचे गुण मिळतील का?" तिचा दोष नाही. तिला नोकरी टिकवायची आहे. पण तिच्यासारख्या हजारजणी असा हिशेब करतात तेव्हा मराठीतले ज्ञान आटत जाते, आणि ज्या बाईबद्दल लिहिले तिलाच ते वाचता येत नाही.

लिहून नेलं, त्याचं काय झालं?

याचे एक उदाहरण आमच्या कामातले. काही वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या संस्थेचे पथक गर्भाशय काढलेल्या ऊसतोड बायांच्या मुलाखती घ्यायला आले. आम्ही दोघी कार्यकर्त्या तीन आठवडे त्यांच्याबरोबर वस्त्यांवर, तांड्यांवर फिरलो. बाया मोकळेपणी बोलल्या, कारण आम्ही बरोबर होतो. पाळीच्या दिवसांत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकली, असे सांगताना त्यातल्या एक-दोघी रडल्या. संमतीपत्रावर अंगठे घेतले. पथक गेले.

दोन वर्षांनी लेख छापून आला. इंग्रजीत, आणि पैसे भरल्याशिवाय उघडत नाही अशा जर्नलमध्ये. ओळखीच्या एका विद्यार्थिनीकडून मी तो मिळवला. त्यात आम्ही 'स्थानिक कार्यकर्त्या' होतो, नावाविना. बायांच्या वाक्यांचे इंग्रजी झाले होते. मागच्या वेळी पाहिले तेव्हा त्या लेखाचे उल्लेख चाळिशीच्या पुढे गेले होते. म्हणजे प्रचलित हिशेबाने लेख चांगलाच प्रभावी. ज्या वस्तीवर मुलाखती झाल्या तिथे मात्र त्यातली एक ओळसुद्धा पोचली नाही. तिथली एक बाई मला अजून विचारते, "ताई, एवढं सगळं लिहून नेलं, त्याचं पुढं काय झालं ओ?"

याच प्रश्नावर २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ती वर्तमानपत्रांतल्या बातम्यांमुळे आणि संघटनांच्या पाठपुराव्यामुळे. बातमीला एच-इंडेक्स नसतो. मोर्चालाही नसतो.

उलट, परत येणारे संशोधनही असते, हे सांगितले पाहिजे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या बाया फक्त ८ टक्के होत्या. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले आणि जगभर त्याचे उल्लेख झाले. पण ज्यांनी तपासले ते त्याच जिल्ह्यात राहिले, तिथेच दवाखाना चालवला, तिथल्या बायांना दाई आणि आरोग्यदूत म्हणून शिकवले. आता सांगा, चांगल्या जर्नलमधले दोन लेख घेतले, एक परत न आलेला आणि एक तिथेच राबलेला, तर उल्लेखांच्या आकड्यावरून त्यांतला फरक कळतो का? नाही कळत. मग जो आकडा हा फरक दाखवू शकत नाही, त्याला प्रभाव हे नाव कशासाठी?

मथुरेच्या नावावर काय जमा?

आपल्या चळवळीच्या मुळाशी असलेले लेखन आठवा. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. प्रभावाचे माप गाठायचे म्हणून ते लिहिले नव्हते. काही पानांचे पत्र होते. ते हातोहात पसरले, गावोगावी बाया रस्त्यावर आल्या, मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे बाई सांगत असेल तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, हे तत्त्व आले.

प्रभाव म्हणतात तो हा. एका पत्रातून आंदोलन, आंदोलनातून कायदा. ही साखळी कुठल्या यंत्रात बसते?

आणि दुसरी बाजूही पाहा. मथुरेचे नाव कायद्याच्या आणि स्त्री-अभ्यासाच्या असंख्य पुस्तकांत, प्रबंधांत येते. त्या उल्लेखांवर पदव्या झाल्या, बढत्या झाल्या, त्यात आपल्या बाजूच्याही अनेकजणी आल्या. प्रत्येक उल्लेख कुणा ना कुणा लेखकाच्या खात्यावर जमा झाला. मथुरेचे खातेच नाही.

मग काय मोजायचे?

दुसरे माप शक्य नाही असे कुणी सांगू नये. २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्यात संशोधकांनीच म्हटले की इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे मोल ठरवू नका. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत. त्यातले एक स्थानिक प्रश्नांवरच्या, स्थानिक भाषेतल्या संशोधनाला संरक्षण द्या असे सांगते. ब्रिटनमध्ये २०१४ च्या मूल्यमापनात विद्यापीठांना आपल्या संशोधनाने विद्यापीठाबाहेर काय बदलले ते पुराव्यानिशी लिहून द्यावे लागले. त्याला २० टक्के वजन होते, २०२१ मध्ये ते २५ टक्के झाले. तिथेही बढाया मारण्याची स्पर्धा लागली, अशी टीका झालीच. पण "विद्यापीठाबाहेर काय झाले?" हा प्रश्न परीक्षेच्या कागदावर तरी आला. आपल्याकडे तो आणायला हवा. त्यासाठी आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

१. ज्या वस्तीत अभ्यास झाला तिथे निष्कर्ष तिथल्या भाषेत, बायांसमोर बसून सांगितल्याशिवाय अभ्यास पूर्ण झाला असे धरू नये. बैठकीची नोंद प्रबंधाला जोडावी आणि बढतीत तिचे गुण द्यावेत.

२. मराठीतले लेख, पुस्तिका, सरकारी समितीपुढची निवेदने, न्यायालयात दिलेली शपथपत्रे यांना संशोधन म्हणून मोजावे.

३. मुलाखती मिळवून देणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यांची संमती असेल तर नावानिशी श्रेय द्यावे. बायांची नावे गुप्त राहिली पाहिजेत, पण त्या आडून आमची नावे पुसू नयेत.

४. लेख पैशाच्या कुलपात असेल तर त्याची प्रत संस्थेला आणि गावच्या वाचनालयाला फुकट द्यावी.

ह्या मागण्या आयोगाकडे आणि विद्यापीठांकडे जातीलच. पण, मैत्रिणींनो, सगळे त्यांच्या हातात नाही. बाया गाठून देणे आपल्या हातात आहे. आपल्यावाचून त्यांचा अभ्यास होत नाही, ही आपली ताकद आपण कधी वापरलेली नाही. यापुढे प्रश्नावली घेऊन कुणी आले की तीन गोष्टी लिहून घ्या: निष्कर्ष सांगायला परत केव्हा येणार, कुठल्या भाषेत सांगणार, आणि आमची नावे कुठे येणार. उत्तर लेखी मिळाले तर बरोबर चला. नाही मिळाले तर नम्रपणे नकार द्या. प्रत्येक संस्थेने एक वही ठेवावी. तिच्यात कोण आले, काय नेले आणि काय परत आणले, याची तारीखवार नोंद करावी. वर्षअखेरीस या वह्या एकत्र करू आणि त्यांचा गोषवारा याच पानांवर छापू.

संशोधनाच्या प्रभावाची तीही एक यादी होईल. तिच्यात कुणाचे नाव कितव्या क्रमांकावर येते, ते मग विद्यापीठांनी पाहावे.